तात, तार आणि गळाची दोरी

१५ मार्च १९८७, रविवार. माळ्यावरून कुरडयांचा सोऱ्या काढायचा होता. चीक शिजत आला होता आणि सोऱ्या नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे गेला होता. स्टुलावर चढून हात घातला, तर आधी हाताला लागली ती काळी पेटी. सोऱ्या तिच्यामागे. म्हणून पेटी खाली द्यावी लागली, एवढंच. आठवणी काढायला मी माळ्यावर चढत नाही.

खाली सुजाता उभी होती, माझी नऊ वर्षांची मुलगी.

“आई, ह्यात काय आहे?”

“युकुलेले.”

“काय ले?”

“गिटारची धाकटी बहीण. चार तारांची. ठेव पलंगाखाली आणि चीक हलव, तळाला लागेल.”

अकरापर्यंत गच्चीवर कुरडया घालून झाल्या. नाशकातलं मार्चचं ऊन अजून नीट तापलेलं नसतं. सकाळी खांद्यावर पदर ओढून घ्यावासा वाटतो आणि दुपारी पायाला चटके बसतात. ह्या दिवसांचे माझ्या नाकात तीन वास पक्के बसले आहेत. वाळत्या चिकाचा आंबूस वास, शाळेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा वास, आणि सरसाचा. लाकूड चिकटवायला सुतार जो सरस उकळतात, तो. पहिले दोन अजून दर वर्षी येतात. तिसरा येत नाही, पण त्याच्यासोबत येणारी भीती मात्र न चुकता येते.

मी घाबरट बाई नाही. वर्गात साप निघाला तेव्हा त्याच्यावर बादली उपडी टाकून, तिच्यावर बसून, मी पाढे म्हणवून घेतले होते. पण मार्चमध्ये संध्याकाळी आगगाडीची शिट्टी ऐकली की माझा हात असेल तिथे थांबतो. तेरा वर्षं झाली.

तेव्हा आम्ही देवळाली कॅम्पला राहत होतो. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजारात वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे फळी, मागे कपाट, मध्ये आबा. ते मूळचे सुतार. सूर त्यांना कुणी शिकवला नाही. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीची बाजाची पेटी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी दर वर्षी बिघडायची, ती नीट करता करता त्यांचा कान तयार झाला. पुढे लष्करातल्या लोकांच्या गिटारी आल्या, बंगल्यांतली व्हायोलिनं आली. आबा रंधा बाजूला ठेवून खुंट्या पिळायला लागले. मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, प्राथमिक शाळेत गणित शिकवणारी. शाळा सुटली की पेपरांचा गठ्ठा घेऊन दुकानात बसायचे, कारण घरी आई कामाला लावायची.

कॅम्पात तोफांचा सराव चाले. कोरड्या दिवसांत जास्तच. लांबवर धप्प व्हायचं आणि मग फडताळातली ताटं एकमेकांना लागायची. त्याची आम्हा सगळ्यांना एक सवय जडली होती. बोलताना तोफ झाली की वाक्य तिथेच सोडायचं, घुमणं संपेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या शब्दापासून उचलायचं. भांडणातसुद्धा. दोन बायका हातवारे करून भांडताहेत, धप्प होतं, दोघी तोंड उघडं ठेवून थांबतात, आणि मग शिवी पूर्ण होते. बाहेरगावच्या माणसाला हसू येई. आम्हाला त्यात काही वाटत नसे. कॅम्पातला म्हातारा बहिरा झाला की नाही, हेही तोफेवरूनच ठरे. तोफ ऐकू येते ना? मग कान शाबूत. ह्यापलीकडे कुणी तपासत नसे.

त्या वर्षी, चौऱ्याहत्तर साली, फेब्रुवारीत शिरीनबाई ती काळी पेटी घेऊन दुकानात आल्या. मुंबईच्या पारशी बाई. थंडीत येऊन कॅम्पातल्या आपल्या बंगल्यात उन्हाळ्यापर्यंत राहत. त्या सगळ्यांना तू म्हणत आणि कुणाला राग येत नसे.

“मास्तर, बघ ह्याला. माझ्या भावानी बोटीवरून आणलेला. सगळे तारा तुटून गेले. एप्रिलमंदी माझ्या नातीचा नवजोत हाय, मला वाजवायचा हाय.”

नवजोत म्हणजे पारशांची मुंज. पण युकुलेलेच्या तारा नाशकात कुठे मिळणार? आबांनी वाद्य उलटंसुलटं केलं, पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाले, “तारा मी करून देतो. कोणत्या, ते तुम्ही ठरवा.” मग त्यांनी तीन प्रकारच्या तारा जमवल्या. क्लबात टेनिसच्या रॅकेटी विणणाऱ्याकडून तात आणली, आतड्याची. सतारीची पोलादी तार घरात होतीच. आणि दारणेवर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून गळाची दोरी मागून घेतली, पारदर्शक, नायलॉनची. तिघी शेजारी शेजारी बसवल्या आणि तिघींना एकाच सुरात लावलं. म्हणजे उंची तीच, फरक फक्त आवाजाच्या जातीचा. पोलादी तार त्यांनी फार ताणली नाही. “हे लाकूड नाजूक आहे,” ते म्हणाले, “सगळ्या पोलादी चढवल्या तर घोडी उपटून निघेल.” घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी.

आठवड्याने शिरीनबाई आल्या, पाठ करून स्टुलावर बसल्या आणि आबांनी एकेक तार छेडली.

“पैली नको, डोक्यात जाते. दुसरी... वाजव परत. तिसरी पण छान हाय रे. मुश्किल हाय.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, उठल्या. “आता तू बस, मास्तर. मी वाजवते. तुझा कान बघू दे.”

“बघायचंय काय त्यात? झोपेतही सांगेन,” आबा म्हणाले.

शेजारच्या सायकल दुकानाचा भिका गंमत बघायला आला होता. आबांचाच पंचा त्यांच्या खांद्यावरून ओढून त्याने त्यांच्या डोळ्यांवर बांधला. शिरीनबाईंनी पोलादी तार छेडली.

“तात,” आबा म्हणाले.

भिका खुदकन हसला. बाईंनी तात छेडली.

“ही... हीपण तात.”

गळाची दोरी छेडली.

“ही तार. पोलादी.”

“लय नाटकी बुवा तुम्ही, मास्तर!” भिका मांडीवर थाप मारून ओरडला. शिरीनबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. आबांनी पंचा वर सरकवला, आमची तोंडं बघितली, आणि मग तेही हसले. सगळ्यांच्या जरा मागून.

मी पेपर तपासत होते. लाल पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. त्यांचा उजवा हात मला दिसत होता. त्याने फळीची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. गंमत करणारा माणूस फळी धरत नाही.

इथून भीती सुरू झाली.

त्या रात्री जेवताना मी त्यांच्या मागे चमचा पाडला. आई दचकली. आबा आमटी ओरपत राहिले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाठीशी उभी राहून “आबा” म्हटलं आणि एक पाऊल मागे गेले. परत म्हटलं, आणखी एक पाऊल. तिसऱ्या पावलानंतर ते वळले नाहीत. गजराच्या घड्याळाला चावी देताना पूर्वी ते म्हणायचे, “जास्त पिळू नकोस, स्प्रिंग जाईल.” आता घड्याळ त्यांच्या कानाशी वाजलं तरच वळायचे. मी गणिताची बाई. मी वहीत लिहून ठेवलं. चमचा, नाही. बांगड्या, नाही. दाराची कडी, जोरात असेल तर हो. तोफ, हो.

तोफ मात्र दर वेळी. धप्प झालं की ते वाक्य सोडायचे, थांबायचे आणि पुढे बोलायचे, आम्हा सगळ्यांसारखे. वर म्हणायचे, “आज लांबच्या टेकडीवर चाललंय.” आणि ते बरोबर असायचं.

मी आईला म्हटलं, “आबांना कमी ऐकू येतंय.”

“कोण म्हणतं? तोफ ऐकू येते की त्यांना. मी हाक मारली की येत नाहीत, ते आज नाही, लग्नापासून.”

दुकानातला आरसाही तेव्हा कळला. दिवाळीत त्यांनी समोरच्या भिंतीवर जुना आरसा लावला होता, दाढीला म्हणून. दुकानात कोण दाढी करतं? काम करताना त्यांची पाठ रस्त्याकडे असे. गिऱ्हाईक आलं की आरशात दिसे, आणि ते न वळताच म्हणत, “या, बसा.” लोकांना वाटे, मास्तरांना पावलांवरून माणूस ओळखू येतो. मलाही तसंच वाटलं होतं. मी शाळेत बढाईसुद्धा मारली होती.

आणि मग रूळ होते.

आमची वस्ती रेल्वेच्या पलीकडे. फाटकाने गेलं तर मोठा वळसा, म्हणून सगळे लोक मधल्या पायवाटेने रूळ ओलांडायचे. मुलं, शेळ्या, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका. रुळांच्या दोन जोड्या, एक जाणाऱ्या गाड्यांची, एक येणाऱ्या. नियम एकच: आधी ऐकायचं, मग पाऊल टाकायचं. तिथे वळण आहे. डोळ्यांनी उशिरा कळतं, कानांनी आधी. आबा रोज संध्याकाळी दुकान बंद करून, सायकल हातात धरून, तिथूनच यायचे. चाळीस वर्षं येत होते.

मी त्यांना सोबत करायला लागले. “वह्या जड आहेत, कॅरिअरवर घ्या,” असं म्हणायचं. ते घ्यायचे. रुळांपाशी मी एक पाऊल पुढे व्हायची. रूळ थरथरताहेत का बघायची, श्वास धरून ऐकायची, आणि मगच चपलेचं पाऊल उचलायची. बोलायची काहीच नाही. बहिऱ्या माणसाचं नाव कॅम्पात पसरलं की त्याच्याकडे पेटी लावायला कोण येणार? आबांना दुसरं काही येत नव्हतं. रंधा चालवायची ताकद गेली होती. ज्या दिवशी मी बोलेन त्या दिवशी दुकान संपेल, आणि ज्या दिवशी मी सोबत नसेन त्या दिवशी आबा संपतील. मार्चचा सबंध महिना हे गणित माझ्या डोक्यात असं मांडलेलं असायचं आणि दोन्हीकडून उत्तर चूक यायचं. मुलं परीक्षेला घाबरली होती. त्यांना कोरा पेपर देताना माझेच हात गार असायचे.

एक दिवस दुकानात युकुलेले पुसायला घेतलं. खुंट्यांच्या वरच्या टोकाला, लाकडावर, बारीक अर्धगोल खुणा होत्या. उंदीर, असं मनात आलं. नीट बघितलं. खुणांची ओळ होती आणि मध्ये एका जागी खूण नव्हती. आबांचा वरचा एक दात दोन वर्षांपूर्वी पडला होता.

म्हणजे दुकानात कुणी नसताना आबा लाकूड दातांत धरून तार छेडत होते. कानांनी येत नाही ते हाडांतून येतं का, बघत होते. मी फडकं खाली ठेवलं. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना ठाऊक नाही. ठाऊक होतं, एकटेच घाबरले होते, माझ्यासारखे. एका दुकानात बसून दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकांना चहा देत होतो.

होळीनंतरच्या आठवड्यात शाळेत परीक्षेची बैठक लांबली. मी धावतच दुकानाशी आले. फळ्या लागल्या होत्या.

“मास्तर गेले की आत्ताच,” भिका म्हणाला. “ती काळी पेटी बी घेऊन गेलेत.”

मी धावले. ऊन गेलं होतं, उजेड होता. तोफा चालू होत्या. पायवाटेच्या चढावर आले तेव्हा आबा दोन जोड्यांच्या मधल्या जागेत होते, माझ्याकडे पाठ, सायकल हातात, कॅरिअरवर पेटी. वळणाच्या पलीकडून शिट्टी आली. आबांनी पाऊल उचललं. पुन्हा शिट्टी. मी ओरडले. “आबा” ओरडले की नुसतीच ओरडले, आठवत नाही. त्यांनी पुढच्या रुळाकडे आणखी एक पाऊल टाकलं. तिसरी शिट्टी इतकी लांब होती की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. त्याच क्षणी कॅरिअरवरची पेटी घसरली आणि ती धरायला आबा मागे वळून वाकले.

गाडी त्यांच्या पुढ्यातून गेली. डबे संपेचनात. सायकलीचं पुढचं चाक वाऱ्याने हलताना दिसत होतं. टोपी उडून माझ्याकडे आली.

शेवटचा डबा गेल्यावरही आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग वळले. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, हातात त्यांची टोपी.

“शिट्टी दिली होती का?” त्यांनी विचारलं.

“तीनदा.”

मी तीन बोटंही दाखवली. ते त्या बोटांकडे बघत राहिले.

रुळांच्या पलीकडे रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग होता. त्यावर आम्ही बसलो. मी त्यांच्या समोर तोंड करून, सावकाश बोलले.

“कधीपासून माहीत आहे तुला, विमल?” आबांनी विचारलं.

“शिरीनबाईंनी वाजवलं तेव्हापासून. तुम्हाला?”

“दिवाळीपासून.”

“डॉक्टरकडे जाऊ.”

“डॉक्टरकडे गेलं की गावाला कळतं. बहिऱ्याकडून सूर कोण लावून घेईल? आईला बोलू नकोस.”

मी कबूल केलं. त्या बदल्यात त्यांनी कबूल केलं की ह्यापुढे फाटकाने यायचं, वळसा पडला तरी. सौदा झाला. मला तो फायद्याचा वाटला.

मग त्यांनी पेटी उघडली. वाद्याला काही झालं नव्हतं. मांडीवर घेऊन म्हणाले, “आता खरं सांग. ह्या तिघींत फरक काय?”

माझ्यासारखीला हे विचारणं म्हणजे कोष्टिणीला नांगर धरायला लावणं. पण मी छेडून बघितलं आणि जे आलं ते सांगितलं. पोलादी तार म्हणजे ताटात खिळा पडल्यासारखी. खिळा पडून गेला तरी ताट बराच वेळ वाजत राहतं. तात म्हणजे ओल्या लाकडावर टिचकी. आवाज लगेच लाकडात जिरतो, पण ऊब असते. आणि गळाची दोरी म्हणजे माठाखालच्या भांड्यात पडणारा थेंब. गोल. येतो, थांबतो, जातो.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. लहान मूल गोष्ट ऐकतं तसे. मध्ये तोफ झाली. आम्ही दोघंही थांबलो आणि मग मी थेंबापासून पुढे सुरू केलं.

“माठाखालचा थेंब,” आबा म्हणाले. “मग गळाचीच. नातीच्या कौतुकाला खिळा कशाला?”

चारही तारा त्यांनी गळाच्या बसवल्या. सूर मी लावला. ते खुंटी पिळायचे, मी समोर बसून पेन्सिल वर केली की चढवायचे, खाली केली की उतरवायचे. उरलेली वेटोळी त्यांनी एका खाकी पाकिटात घातली आणि वर लिहिलं: तात, तार, गळ.

शिरीनबाई न्यायला आल्या. वाजवून खूश झाल्या. मग बोट टोकावरच्या खुणांवरून फिरलं.

“हे काय? उंदीर?”

“उंदीरच,” मी घाईने म्हटलं.

त्यांचं बोट मोकळ्या जागेवर थांबलं. त्यांनी आबांकडे बघितलं. आबा आरशात बघत होते, पण बाईंचं तोंड आता माझ्याकडे वळलं होतं.

“ह्या उंदराला एक दात नाय, टीचर,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “डॉक्टरला दाखव. मुंबईला घेऊन ये, माझ्याकडे उतर.”

मी हो म्हटलं. नवजोत झाल्यावर महिन्याभराने त्यांच्या माळ्याने पेटी परत आणून दिली, सोबत चिठ्ठी. ‘नवजोत मस्त झाला. वाजवणारीचे बोट आता दुखते. हा उंदरासाठी ठेव. डॉक्टरकडे गेला काय?’

मी त्या चिठ्ठीला उत्तर दिलं नाही. आम्ही गेलो नव्हतो.

दोन वर्षं ती पेन्सिल चालली. एकही गिऱ्हाईक गेलं नाही. जयंतीच्या पेट्या लागल्या, गिटारी लागल्या. मला त्याचा अभिमान होता. आज लिहायला लाज वाटते, पण होता. मग माझं लग्न झालं आणि मी नाशकात आले. सहा महिन्यांत आबांनी दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं, नजर गेली. त्यासाठी चष्मासुद्धा केला, साध्या काचांचा. वस्तीतल्या कुणालाही तो चष्मा लावून बघता आला असता, पण कुणाला सुचलं नाही. आंधळा म्हटलेलं त्यांना चाललं.

पुढे ते घरात नुसते बसून असत. आधी लोक मोठ्याने बोलत, मग थोडक्यात बोलू लागले, शेवटी खुणेवर आले. जेवण, चहा, आंघोळ. तीन खुणा. मी रविवारी जायची तेव्हा समोर बसून शाळेतलं सांगायची. ते ओठांकडे बघायचे, पण लवकर थकायचे. चार वर्षांपूर्वी झोपेतच गेले. तोफ शेवटपर्यंत ऐकू आली. कान कशाने गेले, काही करता आलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. विचारायलाच कुणी गेलं नाही. त्यांना डॉक्टरची गरज पडू नये, इतकी चांगली पेन्सिल मी हलवली.

आज दुपारी जेवणं झाल्यावर सुजाताने पेटी उघडली. गळाच्या चारही तारा धड होत्या, जरा पिवळ्या. खाकी पाकीट होतं. तिला मी आजोबांच्या दुकानातली गंमत सांगितली, गमतीपुरतीच. लगेच तिला ती करून बघायची होती. तात हातात घेताच तुकडे झाले, किड्यांनी खाल्ली होती. उरल्या दोन. एक पोलादी तार मी चढवली, शेजारच्या गळाच्या सुराला लावली. ती ताणताना माझे हात बेताने चालले. घोडीचं आबांनी सांगितलेलं अजून लक्षात होतं.

“आई, तू पाठ कर. मी वाजवते.”

मी पाठ केली. समोर भिंत, भिंतीवर कालनिर्णय. तिने एक वाजवली.

“गळ,” मी म्हटलं.

दुसरी वाजवली. मला वाटलं, तिने तीच पुन्हा वाजवली.

“गळच.”

“आई! मुद्दाम करतेस ना?” ती हसत सुटली. “पहिली तर तार होती! केवढी वाजतेय, अजून वाजतेय बघ!”

मी वळले. तार खरंच थरथरत होती. मला ती दिसत होती.

दोनच होत्या. तीन असत्या तर गोष्ट वेगळी.

मग मी उठून गच्चीवर कुरडया उलटायला गेले, कारण काहीतरी उलटणं भाग होतं. त्या अर्धवट वाळलेल्या चिकाच्या जाळ्या हातात घेत असताना एकेक आठवलं. मागच्या बाकावरच्या मुली हल्ली पुटपुटतात, अशी माझी वर्षभर तक्रार आहे. एकीला मी उभं केलं होतं. “तोंडात काय आहे तुझ्या?” तिने तोंड उघडून दाखवलं होतं. दूध उतू जाताना पूर्वी मला सायीचा आवाज यायचा. आणि वर्गात हल्ली मी दारापाशी उभी राहून शिकवते. तिथून सगळ्यांचे ओठ दिसतात. हे मी कधी ठरवलं? ठरवलं नाही. आबांनी आरसा लावला तेव्हा त्यांनीही ठरवलं नसेल.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

“काहीतरीच,” हे म्हणाले. “कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजतेस की तू.”

तोफ ऐकू येते की त्यांना. तेरा वर्षांनी, तीच आई, मिशी लावून.

घाबरले आहे. लिहून ठेवते म्हणजे उद्या नाकारता येणार नाही. परीक्षा तोंडावर आहेत, मोठ्या बाईंची जागा पुढच्या वर्षी रिकामी होणार आहे, आणि सुजाता शाळेत जाताना मुख्य रस्ता माझ्यासोबत ओलांडते. माझ्या कानांच्या भरवशावर.

१६ मार्च, सोमवार. सकाळी कुरडया आत घेतल्या, शाळेत गेले आणि मोठ्या बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. अर्जावर मी ‘घरगुती’ असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, ‘कान तपासायचे आहेत.’ त्यांनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

दवाखान्यात माझा नंबर नववा होता. डॉक्टर तरुण, घाईत. म्हणाले, “बाई, समोर बघा. मी मागून आवाज करीन. ऐकू आला की हात वर करायचा.”

समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. काचेत डॉक्टर स्वच्छ दिसत होते. त्यांचा हात वर गेला, बोटांत काहीतरी चमकलं, आणि माझा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला.

“छान,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा.”

मी हात खाली घेतला.

“थांबा, डॉक्टर,” मी म्हटलं. “मला काचेत तुमचा हात दिसतोय.” आणि उठून खुर्ची भिंतीकडे फिरवली.